औषधाची चाचणी आणि रुग्णाची संमती

कारेलीबागेतील सांसर्गिक रोगांचे रुग्णालय बडोदेकरांस परिचित आहे. रुग्णालयात नव्या औषधाची चाचणी होणार म्हटले, की ‘आमच्यावर प्रयोग करणार काय?’ अशी धास्ती वाटते. ती अनाठायी नव्हे. परंतु १९५६ साली मद्रासला काय घडले पाहा. क्षय घरी राहून बरा होतो काय, हे कोणासच निश्चित ठाऊक नव्हते. म्हणून १९३ रुग्णांपैकी कोणी आरोग्यधामात जावे व कोणी घरीच औषध घ्यावे, हे जणू चिठ्ठ्या टाकून ठरले. घरचा उपचारही जवळजवळ तितकाच गुणकारी ठरला! आता २०१९ च्या नियमांनुसार लेखी संमती आवश्यक असून ती केव्हाही मागे घेता येते. नकारामुळे नेहमीचे उपचार थांबत नाहीत. निरक्षर रुग्णाचा अंगठा घेण्यापूर्वी त्रयस्थ साक्षीदारासमक्ष त्यास सर्व माहिती समजावून द्यावी लागते.