रोही : ओळख, वागणूक आणि शाळेचे काम

(सुलतानपूर केंद्रातील प्राथमिक शिक्षकांपुढील भाषण)



लोणार तालुक्यातील सुलतानपूर व भोवतालच्या खेड्यांतील मुलांना रोही हा प्राणी पुस्तकातून शिकवावा लागत नाही. तुरीला शेंगा लागल्या, हरभरा घाट्यांवर आला, की त्याचे नाव घरोघर निघते. मुलाच्या लेखी रोही म्हणजे पिकाचा चोर. शाळेतील पाठ मात्र त्यास सांगतो की, वन्य प्राण्यांवर दया करावी. घर एक बोलते व शाळा दुसरे बोलते, तेव्हा मूल परीक्षेपुरते शाळेचे लिहिते आणि मनात घरचे ठेवते. हे अंतर उपदेशाने मिटणारे नाही. प्राण्याची खरी ओळख करून दिली तरच ते कमी होईल.

ग्रंथांत या प्राण्यास नीलगाय म्हणतात. तो गाय नव्हे, आणि चितळ-सांबरांच्या जातीचा मृगही नव्हे. तो कुरंग आहे. मृगांच्या नराची शिंगे फाटे फुटलेली असतात व ती दरवर्षी गळून नवी येतात. कुरंगाचे शिंग हाडाच्या गाभ्यावर चढलेले पोकळ आवरण असते, त्यास फाटे नसतात आणि ते जन्मभर टिकते. गाय, बैल व शेळी यांचे शिंगही याच रचनेचे असते. म्हणून हा भेद समजावण्यास चित्रापेक्षा गोठ्यातील बैलाचे शिंग अधिक उपयोगी पडेल. नावातील ‘गाय’ हा शब्द अगदीच निराधार नाही. शास्त्रज्ञांच्या वर्गीकरणाप्रमाणे रोही काळविटापेक्षा गुराढोरांस अधिक जवळचा आहे, आणि त्याचा सर्वांत निकटचा आप्त म्हणजे चौशिंगा.

आशियातील कुरंगांत रोही सर्वांत मोठा. पूर्ण वाढलेल्या नराची खांद्याशी उंची १२० ते १५० सेंटिमीटर असते व वजन २०० किलोग्रॅमच्याही पुढे जाते. पुढचे पाय मागच्यांपेक्षा उंच असल्यामुळे पाठ मागे उतरती दिसते. नर निळसर करड्या रंगाचा असतो. मादी व पिले तांबूस पिवळी असतात. नर-मादीच्या रंगांतील या फरकामुळे कळपात दोन जातींचे प्राणी आहेत असा मुलांचा समज होतो, तो शिक्षकांनी दूर करावा. शिंगे केवळ नरासच असतात, आणि एवढ्या मोठ्या देहाच्या मानाने ती अगदी आखूड, सुमारे वीतभर, सरळ व टोकदार असतात. गळ्यावरील पांढरा पट्टा, गालांवरील पांढरे ठिपके आणि खुरांवरील पांढरी कडी या खुणा दुरूनही ओळखता येतात. नराच्या गळ्याखाली केसांचा झुपका लोंबतो.

त्याच्या वागणुकीतील काही गोष्टी विशेष ध्यानात घेण्यासारख्या आहेत. पहिली अशी की, रोही दाट अरण्यात रमत नाही. झुडपी रान, माळ, गायरान आणि शेताच्या कडा हेच त्याचे मूळ घर. त्यामुळे ‘त्याने जंगलात का राहू नये?’ या प्रश्नाचे उत्तर असे की, ज्यास आपण पडीक म्हणतो तेच त्याचे जंगल होते. गायराने आकसली, मोठे हिंस्र पशू विरळ झाले आणि शेतात बारमाही हिरवे पीक उभे राहू लागले. ही तिन्ही कारणे एकत्र आल्यावर कळप शेतात शिरला तर त्यात नवल नाही. टिपेश्वर अभयारण्यातील एक नर वाघ १,३०० किलोमीटरांहून अधिक अंतर चालून डिसेंबर २०१९ मध्ये आपल्याच जिल्ह्यातील ज्ञानगंगा अभयारण्यात आला होता. असा पाहुणा येथे किती दुर्मिळ झाला आहे, हे त्या वेळी झालेल्या चर्चेवरूनच दिसून आले.

दुसरी गोष्ट, रोही स्वभावतः दिवसा चरणारा आहे. माणसाचा उपद्रव असेल तेथे तो रात्री चरू लागतो. तो गवत खातो, तसाच पाला, फुले व शेंगाही खातो. पाण्यावाचून तो काही दिवस काढू शकतो. म्हणून पाणवठा दूर असलेल्या शिवारातही त्याचा वावर आढळतो.

तिसरी, रोही पुनःपुन्हा एकाच जागी लेंड्या टाकतात व तेथे ढीग साचतात. बोर-बाभळीसारख्या झाडांच्या बिया त्यांतून दूर जाऊन रुजतात. हे ढीग पाहून कळपाच्या येण्याजाण्याची वाट ताडता येते. राखण करणाऱ्यास ही माहिती फार उपयोगाची आहे.

चौथी, मादी सुमारे आठ महिन्यांनी विते आणि पुष्कळदा तिला जुळी होतात. आरंभी ती पिलांना झुडपांत दडवून चरावयास जाते. एकटे दिसलेले पिलू बहुधा अनाथ नसते. मुलांनी ते उचलून घरी आणू नये, हे पावसाळ्यापूर्वीच नव्हे तर वर्षभर सांगत राहावे. नर परस्परांशी झुंजताना पुढचे गुडघे टेकून मानेने रेटतात. त्यांच्या मानेवरील कातडी त्यासाठीच जाड असते.

आता शाळेच्या कामाविषयी. पिकाच्या दिवसांत थोरांबरोबर मुलेही जागलीला जातात. वर्गात पेंगणाऱ्या मुलास शिक्षा करण्यापूर्वी तो रात्री कोठे होता, हे शिक्षकांनी विचारावे. ज्याच्या घरची तूर एका रात्रीत गेली, त्याच्यापुढे भूतदयेचा पाठ मोठ्याने वाचणे म्हणजे जखमेवर मीठ चोळणे होय. परंतु त्याचा राग पाहून रोह्याविषयी द्वेष शिकवणे हेही शिक्षकाचे काम नव्हे.

त्यापेक्षा त्याला कामास लावावे. पालकांबरोबर, दिवसाउजेडी, शेताच्या बांधावर खुरांचे ठसे व लेंड्यांचे ढीग मुलांनी पाहावेत. तारीख, पीक, नर किती व माद्या किती, यांची वहीत नोंद ठेवावी. गणिताच्या तासाला खाल्लेल्या पिकाचे क्षेत्र मोजून एकराशी त्याचे प्रमाण काढावे. भाषेच्या तासाला वनविभागास नुकसानभरपाईसाठी अर्ज लिहावा, कारण पंचनामा व भरपाई यांची सरकारी तरतूद आहे आणि तत्काळ अर्ज न केल्यामुळे अनेकांची ती बुडते. हा अर्ज चौथीच्या मुलाने घरी वाचून दाखवला, तर शाळा गावाच्या कामी आली असे होईल.

एक गोष्ट मात्र निक्षून सांगितली पाहिजे. काही ठिकाणी कुंपणाच्या तारेत चोरून वीज सोडली जाते. रात्री ती तार रोह्यास ओळखत नाही, तशी गुराख्यास, शेजाऱ्यास वा पहाटे शेतात गेलेल्या मुलासही ओळखत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे रोह्यास परवानगीवाचून मारणे गुन्हा आहेच. परंतु मुलांच्या मनावर कायद्यापूर्वी ठसावा तो जिवाचा धोका. तारेजवळ जाऊ नये, मेलेल्या जनावरास हात लावू नये, थोरांना हाक मारावी, हे प्रत्येक मुलास पाठ असावे. त्याचप्रमाणे कठडा नसलेल्या विहिरीत रात्री रोही पडतात, आणि माणसेही पडतात. तेव्हा विहिरीला कठडा बांधण्याचा आग्रह घरी धरण्यास मुलांना सांगावे.

रोही शेतात येणार, आणि शेतकरी पीक राखणार. शाळेने यांपैकी कोणाचीही बाजू घेण्याची आवश्यकता नाही. ज्या प्राण्याशी या मुलांना जन्मभर शेजार करावयाचा आहे, तो कसा जगतो हे त्यांना कळले, तर राखणही शहाणपणाने होईल आणि रात्रीच्या अंधारात कोणाचा जीव जाणार नाही.