जुन्या स्पोर्ट्स मोटारीची नवी टाकी

इंग्लंडमधील अ‍ॅबिंग्डन या गांवीं १९६२ पासून १९८० पर्यंत ‘एम्. जी. बी.’ नांवाची दोन आसनांची उघडी मोटार तयार होत असे. तिच्या बंद छपराच्या भावंडासह पांच लाखांहून अधिक गाड्या बाहेर पडल्या, व त्यांतील पुष्कळ अद्यापि रस्त्यावर आहेत. अशा गाडीच्या मालकाला एखादे दिवशीं पेट्रोलचा वास येऊं लागतो. चमत्कार असा कीं, टाकी अर्धी असतांना वास नसतो. कांठोकांठ भरून एखादें वळण घेतलें कीं तो येतो, आणि चार-दोन गॅलन जळाले कीं नाहींसा होतो. मालक नळ्या पाहतो, जोड आवळतो, पंप पुसतो आणि अखेर आपलेंच नाक दोषी ठरवितो. वस्तुतः त्या वासानें दुखण्याची जागा स्पष्ट सांगितलेली असते. टाकीला छिद्रें पडलीं आहेत, आणि तीं तळाशीं नसून माथ्यावर आहेत.

या मोटारीची टाकी डिकीच्या तळपत्र्याखालीं, उजव्या बाजूस, पत्र्याला जवळजवळ भिडून असते. मागच्या चाकानें उडविलेला चिखल, आणि थंड मुलखांत बर्फ वितळविण्यासाठीं रस्त्यावर टाकलेलें मीठ, त्या चिंचोळ्या फटींत जाऊन बसतें. तेथें ऊन पोंचत नाहीं, वारा पोंचत नाहीं, आणि धुणाऱ्याचा हात तर नाहींच नाहीं. चिखल ओला राहतो व त्याखालीं पत्रा वरून आंत कुजत जातो. खालून पाहणाऱ्यास मात्र टाकीचें पोट काळेंभोर व धडधाकट दिसतें. टाकी उतरविल्याशिवाय तिची खरी परीक्षा होत नाहीं.

टाकी उतरली कीं पहिला मोह दुरुस्तीचा. छिद्रें दहा-बाराच आहेत, डाग लावून काम भागेल, असें वाटतें. येथें जिवाशीं गांठ आहे. पेट्रोलची वाफ हवेंत शेंकडा सुमारें दीड ते साडेसात या प्रमाणांत मिसळली कीं एक ठिणगी पुरते. भरलेल्या टाकींत हवेला जागाच थोडी असते. रिकाम्या टाकींत हें मिश्रण सहज जमतें. पेट्रोल ओतून टाकलें, टाकी चार दिवस उन्हांत ठेवली, तरी गंजाच्या पापुद्र्यांत मुरलेलें पेट्रोल आंच लागतांच पुन्हां वाफ सोडतें. अशा टाक्या झाळतांना कारागीर प्राणांस मुकले आहेत. वाफ समूळ काढून टाकण्याचीं साधनें जेथें आहेत, अशा जाणत्या कारागिराखेरीज हें काम कोणीं हातीं घेऊं नये. टाकीच्या आंतून लेप फिरविण्याची दुसरी एक युक्ति आहे. परंतु जुन्या जातीचे कांहीं लेप इथेनॉलमिश्रित पेट्रोलांत सुटे होतात व त्यांच्या चिंध्या पंपांत आणि कार्ब्युरेटरांत जाऊन अडकतात. भंगारवाल्याकडील टाकी स्वस्त खरी, पण तीही त्याच वयाची!

नवी टाकी घ्यावयाची ठरली म्हणजे धातूच्या आधीं गाडीचें साल पाहावें. आरंभींच्या गाड्यांची टाकी १० इंग्रजी गॅलनांची असून दोन पट्ट्यांनीं आवळलेली असे. १९६५ सालीं १२ गॅलनांची, म्हणजे सुमारें ५४ लिटरांची टाकी आली. ती कडेच्या ओठाला बोल्ट लावून बसते. अमेरिकेसाठीं बनविलेल्या उत्तरकालीन गाड्यांत पेट्रोलची वाफ कोळशाच्या डब्यांत साठविण्याची व्यवस्था होती, म्हणून त्या टाकीला वाफेची निराळी नळी लागते. एकीच्या जागीं दुसरी बसविण्यासाठीं डिकीच्या पत्र्यास नवीं भोकें पाडणाऱ्या मालकाची कींव करावी तेवढी थोडी.

आतां धातु. ब्रिटनमध्यें सप्टेंबर २०२१ पासून साध्या पेट्रोलांत १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतें. भारतांत २० टक्क्यांचें मिश्रण २०२३ सालीं विक्रीस आलें व २०२५ पर्यंत देशभर पसरलें. त्यांतील कांहीं इथेनॉल महाराष्ट्रांतील साखर-कारखान्यांतून येतें. तेव्हां पुण्या-मुंबईच्या जुन्या मोटारींनाही हा प्रश्न परका नाहीं. इथेनॉल पाणी ओढून घेतें. गाडी महिनेच्या महिने उभी राहिली आणि पाणी फार झालें, कीं पाणी व इथेनॉल मिळून तळाशीं वेगळा थर बसतो, आणि तो पत्र्याला खातो. जस्ताचा मुलामा अशा थरापुढें फार काळ टिकत नाहीं.

स्टेनलेस पोलाद गंजास दाद देत नाहीं, म्हणून बहुतेकांचा कौल तिकडे. परंतु तें महाग. आणि पातळ पत्र्याची, घाईनें जोडलेली टाकी रस्त्याच्या धक्क्यांनीं सांध्याशीं तडकूं शकते. अ‍ॅल्युमिनियम हलकें, शर्यतीच्या गाडीस शोभणारें. पण ओलाव्यांत लोखंडाशीं सांगड पडली कीं झिजतें तें अ‍ॅल्युमिनियमच. साध्या पोलादाला उगाच कमी लेखलें जातें. गाडीची पहिली टाकी साध्या पोलादाचीच होती, आणि माथ्यावर चिखलाचें ओझें घेऊन तिनें कित्येक वर्षें काढलीं. जो मालक दर आठवड्यास गाडी हिंडवितो, ताजें पेट्रोल भरतो, आणि बसविण्यापूर्वीं टाकीच्या माथ्यावर रंगाचे दोन हात व त्यावर मेणाचा जाड थर देतो, त्यानें साधीच टाकी घ्यावी व उरलेला पैसा नव्या नळ्यांवर खर्चावा. कारण जुन्या जातीचें रबर इथेनॉलनें फुगतें व चिरतें. ज्याची गाडी सहा-सहा महिने झांकून पडते, त्यानें स्टेनलेसची घ्यावी, पण सांधे नीट निरखून.

जुनी टाकी उतरवितांना बॅटरी सोडावी, पेट्रोल उघड्या हवेंत काढावें, आणि मापकाची कडी फिरविण्यास पोलादी छिन्नी न घेतां पितळी तुकडा घ्यावा, म्हणजे ठिणगी उडत नाहीं. डिकीचा तळ खालून खरवडून रंगविण्याची संधि पुन्हां लवकर येत नाहीं. नवी टाकी आंतून स्वच्छच असेल असें धरून चालूं नये. मापकाच्या भोकांतून आरसा व विजेरी घेऊन पाहिलें तर झाळकामाचे मणी व धातूचा कीस कधीं कधीं दिसतो.

टाकी चढल्यावर प्रथम दोनच गॅलन पेट्रोल घालावें व किल्ली फिरवावी, पण इंजिन चालू करूं नये. मागच्या बाजूस असलेल्या विजेच्या पंपाची टक्‌टक भराभर सुरू होईल, मंदावेल व थांबेल. ती थांबलीच नाहीं, तर कोठें तरी हवा आंत शिरते आहे किंवा पेट्रोल बाहेर जातें आहे. लगेच किल्ली काढावी. पंप गप्प बसला तर टाकी कांठोकांठ भरून गाडी एका लांब वळणावरून न्यावी, आणि परत आल्यावर डिकी उघडून आंत नाक घालावें.