एकाने सांगावे, दुसऱ्याने लिहावे



आमचे मुदखेड रेल्वेवाल्यांना जंक्शन म्हणून माहीत आणि बाजाराला फुलांसाठी. हिंदू धर्मग्रंथांच्या फारसी अनुवादांवरची परिषद इथे कशाला, असे गावातल्याच काहींनी मला विचारले. उत्तर शेजारच्या नांदेडात आहे. काशीत व्याकरण गाजवणारे शेष घराणे मूळचे तिथले. भट्टोजी दीक्षितांचे गुरू शेष कृष्ण याच घराण्यातले. त्यांचे 'कंसवध' नाटक तोडरमलाच्या मुलाच्या सांगण्यावरून लिहिलेले, आणि तोडरमल म्हणजे ज्याने मोगली महसुलाचे दफ्तर फारसीत नेले तोच!

त्याच काळात अकबराच्या हुकमाने फत्तेपूर सिक्रीत महाभारत फारसीत उतरत होते. त्याचे नाव 'रज्मनामा', म्हणजे युद्धाचा ग्रंथ. अनुवाद करणाऱ्या नकीब खानाला संस्कृत येत नव्हते. देवी मिश्र, शतावधान, मधुसूदन मिश्र, चतुर्भुज हे पंडित श्लोक वाचून हिंदवीत अर्थ सांगत आणि खान तो फारसीत मांडी. दीड वर्षात, 1584 साली, काम उरकले आणि खानाने अखेरीस या पंडितांची नावे नोंदवून ठेवली. मला चित्रांनी मढवलेल्या शाही प्रतीपेक्षा ही नोंद मोलाची वाटते. सगळेच काही आनंदाने बसले नव्हते म्हणा. याच कामाला लावलेला मुल्ला बदायुनी कुरकुरत राहिला, तरी पुढे रामायणही त्याच्याच गळ्यात पडले!

आणि 1584 सालच्याच भाद्रपदात पैठणला एकनाथांनी ज्ञानेश्वरीचे शुद्धीकरण पुरे केले. तिथे बादशहाचा खजिना, इथे एकट्या माणसाची चिकाटी. पण निरनिराळ्या प्रती समोर ठेवून पाठ निवडणारे नाथ फारसीला परके नव्हते. सरकारी अर्जाचा घाट घेऊन त्यांनी 'अर्जदस्त' रचले. परंपरेप्रमाणे त्यांचे गुरू जनार्दनस्वामी देवगिरीचे किल्लेदार. गुरूंच्या घरात दरबारी भाषा कानांवर पडतच असणार.

पुढे शहाजादा दारा शुकोहने 1657 साली काशीच्या पंडितांच्या मदतीने उपनिषदे फारसीत आणली. त्या फारसीवरून लॅटिन झाले आणि युरोपला उपनिषदे त्या वाटेने भेटली. त्यावर इथे जाणकार बोलतील, मी थांबतो.

मला मागायचे आहे ते वेगळेच. फारसी वाचणारा संस्कृतवाल्याला ओळखत नाही आणि मोडी वाचणारा दोघांनाही. अशाने पोथी उलगडत नाही. म्हणून या दोन दिवसांत निदान एक पान तरी तिघांनी एकत्र बसून वाचा. गावकऱ्यांनो, माळवदाच्या घरात, फडताळात जुने बाड असेल तर रद्दीत घालू नका. मंडपाबाहेरच्या टेबलावर आणा. छायाचित्र काढून लगेच परत मिळेल. जेवण एक वाजता आहे.