चार घड्याळे, एक वेळ
(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



मी भाषेचा शिक्षक, यंत्रशास्त्राचा नव्हे. पण एका प्रसंगाने मला या विषयाकडे वळविले. आमचा एक विद्यार्थी शिष्यवृत्तीचा अर्ज शेवटच्या रात्री भरीत होता. समोरच्या संगणकात बारा वाजायला पाच मिनिटे होती. अर्ज मात्र मुदत संपल्याने नाकारला गेला. त्या संगणकाचे घड्याळच मागे होते! वर्षाच्या फीचा भार वडिलांवर पडला.

संगणकाला वेळ कशी कळते? आत क्वार्ट्झचा स्फटिक असतो. तो ठरावीक गतीने कंप पावतो व यंत्र ते कंप मोजते. यंत्र बंद असता लहान बॅटरीवरील घड्याळ चालू राहते. रोज दोन सेकंद चुकले तरी वर्षात बारा मिनिटांची तफावत पडते.

आजच्या प्रोसेसरमध्ये चार-आठ ‘कोअर’, म्हणजे जणू तितके कारकून असतात, आणि प्रत्येकाजवळ स्वतःचा गणक असतो. आपल्या सटाण्याच्या बाजार समितीत कांद्याचे ट्रॅक्टर येतात. चार कारकुनांनी आपापल्या मनगटी घड्याळावरून पावत्या फाडल्या, तर आधी आलेला शेतकरी कागदावर मागे जाईल. संगणकात हेच घडले. २००५ च्या सुमारास दोन कोअरचे प्रोसेसर घरोघरी येऊ लागले. वीज वाचविण्यासाठी एखादा कोअर मंदावला की काहींत त्याचा गणकही मंदावे. काम एका कोअरवरून दुसऱ्यावर गेले की वेळ चक्क मागे सरके!

यावर उपाय निघाले. सर्व कोअरनी एकच सामाईक घड्याळ पाहावे, हा पहिला. पण ते पाहण्यास अधिक वेळ लागतो. पुढे कोअरची गती बदलली तरी समान वेगाने चालणारे गणक आले. तरीही यंत्रप्रणाली गणकांवर नजर ठेवते. ते अविश्वसनीय वाटले तर सामाईक घड्याळाकडे वळते.

मात्र आपसात जुळणे निराळे आणि जगाशी जुळणे निराळे. याचा धडा मुंबईने दिला आहे. १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ सुरू झाली. परंतु मुंबई महापालिकेने आपली ३९ मिनिटे मागे असलेली ‘मुंबई वेळ’ पुढे अनेक दशके सोडली नाही. एका शहरात दोन वेळा! सूर्याच्या हिशेबाने आपले सटाणाही प्रमाणवेळेच्या सुमारे ३३ मिनिटे मागेच आहे, पण एस.टी. आणि परीक्षा प्रमाणवेळेनेच चालतात.

ही प्रमाणवेळ दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा आण्विक घड्याळांवर राखते. इंटरनेटवरून संगणक वेळ विचारतो, निरोप जाण्या-येण्यास लागलेला अवधी हिशेबात धरतो आणि लहान चूक हळूहळू सुधारतो, जेणेकरून वेळ मागे उडी घेऊ नये.

पालकहो, घरच्या फोनमधील व संगणकातील ‘आपोआप वेळ’ ही सोय चालू ठेवा. विद्यार्थी मित्रांनो, मुदत तुमच्या घड्याळावर नव्हे, अर्ज घेणाऱ्या यंत्राच्या घड्याळावर संपते. म्हणून शेवटच्या रात्रीची वाट पाहू नका. त्या मुलाने पुढल्या वर्षी अर्ज आठ दिवस आधी भरला, आणि तो स्वीकारला गेला.