पाच वर्षं कुणाची, चार वर्षं कुणाची?

गटाच्या बैठकीत आम्हाला एक प्रश्न नेहमी येतो. "अमेरिकेत ठरल्या दिवशी मतदान होतं, मग आपल्याकडे मधेच निवडणूक का लागते?" आज त्याबद्दलच बोलू या.

अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष ४ वर्षांसाठी निवडला जातो. मतदानाचा दिवसही कायद्याने पक्का: नोव्हेंबरातल्या पहिल्या सोमवारनंतरचा मंगळवार. संसद नाराज झाली, तरी नुसत्या अविश्वास ठरावाने त्याला घरी पाठवता येत नाही. महाभियोग आहे, पण तो फार अवघड. मात्र तिथलं प्रतिनिधीगृह दर २ वर्षांनी नव्याने निवडतात. म्हणून लोकांना मधे एकदा आपला कौल देता येतो.

आपली रीत संसदेची. लोकसभेची मुदत ५ वर्षं, पण ती जास्तीत जास्त. पंतप्रधानांच्या पाठीशी लोकसभेत बहुमत हवंच. १९९९च्या एप्रिलमध्ये वाजपेयींचं सरकार एका मताने पडलं. १९९६, १९९८ आणि १९९९ अशा तीन निवडणुका आपण चार वर्षांच्या आत पाहिल्या. उलटही घडलंय. आणीबाणीत लोकसभेची मुदत वाढवली आणि १९७६ला व्हायची निवडणूक १९७७मध्ये झाली.

आता आपल्या गटाकडे बघा. अध्यक्षताई हिशेब दाखवेनात, तर आपण वर्ष सरायची वाट बघत नाही. बैठकीत दुसरी निवडतो. ही झाली संसदेची रीत. पण दर महिन्याला अध्यक्ष बदलली, तर बँकेत सह्या कुणाच्या? कर्जाचं काम अडतं. एका रीतीत कारभार स्थिर राहतो, दुसरीत जाब लवकर विचारता येतो. दोन्हींची किंमत मोजावी लागते.

आपल्या गावात मात्र दोन्ही रीती एकत्र आहेत. २०२२पासून महाराष्ट्रात सरपंच पुन्हा थेट जनतेतून निवडला जातो. त्याला हटवायला एकट्या सदस्यांचा ठराव पुरत नाही, ग्रामसभेचीही मान्यता लागते. म्हणजे ती चावी आपल्या हातात आहे, मैत्रिणींनो!

मत पाच वर्षांत एकदा, पण ग्रामसभा वर्षातून किमान चार वेळा. त्याआधी महिलांची ग्रामसभा असते. पुढची कधी आहे, हे उद्याच ग्रामपंचायतीत विचारा आणि गटाच्या वहीत तारीख लिहून ठेवा. जाताना एकटीने नको, सगळ्या मिळून जाऊ या.