प्रवासाची शिदोरी आणि क्रेडिट कार्ड
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



भिलाईचा मराठी माणूस आणि प्रवास यांचे नाते या नगरीच्या जन्मापासूनचे आहे. १९५५ साली सोव्हिएत संघाशी पोलाद कारखान्याचा करार झाला, १९५९ साली पहिली झोतभट्टी सुरू झाली आणि आपल्यापैकी कित्येकांचे वडील लोखंडी ट्रंक घेऊन दुर्ग स्थानकावर उतरले. त्यांच्या शिदोरीत दशम्या, फिरकीचा तांब्या आणि नागपूरच्या एखाद्या नातलगाचा पत्ता असे. आज आपण मोटारीने निघतो आणि खिशातल्या उंची क्रेडिट कार्डावर भिस्त ठेवतो. ती कितपत योग्य, याचाच विचार आज मांडावयाचा आहे.

गेल्या दिवाळीत आम्ही नागपूरला निघालो होतो. सोबत ऐंशीच्या घरातल्या आमच्या मातोश्री होत्या. बाघनदी ओलांडली, देवरी मागे पडली आणि साकोलीच्या अलीकडे, जंगलाच्या पट्ट्यात, तिन्हीसांजेला क्लच निकामी झाला. आम्ही मोठ्या विश्वासाने कार्डावरील क्रमांक फिरविला. उत्तर मिळाले की, नूतनीकरणाच्या वेळी ही सवलत आमच्या कार्डावरून काढण्यात आली असून तसे पत्र धाडले होते. पत्र आले होते, हे खरे. ते आम्ही वाचले नव्हते, हेही तितकेच खरे!

अखेर राष्ट्रीय महामार्गाच्या १०३३ या क्रमांकावर दूरध्वनी केला. गस्तीची गाडी आली, क्रेनने मोटार सुरक्षित जागी हलविली आणि आम्ही साकोलीत रात्र काढली. या सेवेला कोणतेच कार्ड लागत नाही. घरी परतल्यावर मोटारीच्या विम्याचे कागद काढले, तेव्हा कळले की रस्त्यावरील मदतीचा जादा हप्ता आम्ही दरवर्षी भरत होतो. मदत आमच्याच कपाटात होती!

म्हणून कार्डांची तुलना करताना चार प्रश्न विचारावेत. गाडी किती किलोमीटरपर्यंत ओढून नेतात? वर्षातून किती वेळा? सेवा शहरापुरती आहे की महामार्गावरही मिळते? आणि फुकट काय, केवळ मजुरी की सुटे भागही? बहुधा सुट्या भागांचे व इंधनाचे पैसे आपणच द्यावयाचे असतात. काही कार्डे तर केवळ मदतनीस गाठून देतात. त्याचे देयक आपल्याच माथी येते.

विमानप्रवासाच्या सवलतींचेही तसेच आहे. रायपूरच्या किंवा नागपूरच्या विमानतळावरील विश्रांतिकक्षात प्रवेश मिळतो खरा. परंतु अनेक कार्डांनी त्यासाठी आधीच्या तिमाहीत ठराविक खर्चाची अट घातली आहे. अपघात विम्यासाठी तिकीट त्याच कार्डावर काढलेले असावे लागते. परदेशी मुलांकडे जाणाऱ्यांनी परकीय चलनावरील अधिभार आवर्जून पाहावा.

आता हिशेब. वार्षिक शुल्क ५,००० रुपये असेल, तर १८ टक्के कर धरून ५,९०० होतात. वर्षातून दोनदाच गावी जाणाऱ्या कुटुंबाने त्या दोन फेऱ्यांत आपल्याला काय मिळाले, ते कागदावर मांडावे. शिवाय थकबाकीवर अनेक कार्डे दरमहा साडेतीन टक्क्यांच्या आसपास, म्हणजे वर्षाला सुमारे ४२ टक्के व्याज आकारतात. एकदा हप्ता तुंबला की साऱ्या सवलती त्यातच वाहून जातात. नको असलेले कार्ड ठेवण्याची सक्ती मात्र नाही. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांप्रमाणे, थकबाकी नसल्यास विनंतीनंतर सात कामकाजाच्या दिवसांत ते बंद करावे लागते. विलंब झाल्यास बँकेने ग्राहकास दिवसाला ५०० रुपये द्यावयाचे असतात.

कार्ड वाईट नव्हे. वारंवार प्रवास करून देयक वेळेवर चुकते करणाऱ्यास ते उपयोगीच पडते. परंतु निघण्यापूर्वी विम्याचा कागद, मोटार कंपनीची मदत-योजना आणि कार्डाच्या अटी एकत्र वाचाव्यात. तिन्ही क्रमांक, १०३३ आणि आपत्कालीन ११२ एका चिठ्ठीवर लिहून गाडीत ठेवावेत. त्याच चिठ्ठीवर राजनांदगाव, साकोली, भंडारा येथील एकेका परिचिताचे नावही असावे. त्या रात्री साकोलीत आमच्या मातोश्रींना गरम पिठले-भात मिळाला, तो अशाच एका परिचिताच्या घरी.