रिलीज झाल्यावर बघू

आजचा भाग छोटा आहे, बस येईपर्यंत ऐकून होईल.

आधी एक कबुली देतो. मध्यंतरी आमच्या टीमचा मोठा रिलीज होता. रात्री दोनपर्यंत काम आणि सकाळी डोळे उघडले की हात थेट मोबाईलवर. देवाला सांगून टाकलं होतं, "प्रभू, एवढा रिलीज होऊ दे, मग निवांत बसू." एक दिवस नगरहून आईचा फोन आला. "बाळा, प्रार्थना केलीस का?" मी म्हणालो, "हो गं, केली." केली नव्हती. प्रार्थनेबद्दल आईशी खोटं बोललो, तेही इतक्या सहज!

त्या रात्री झोप लागेना, म्हणून मार्कचा पहिला अध्याय उघडला. कफर्णहूमात संध्याकाळी सगळं गाव दाराशी जमलं होतं. येशूने पुष्कळ आजाऱ्यांना बरं केलं. तरी दुसऱ्या दिवशी पहाटे, अंधार असतानाच, तो उठला आणि एकांतात जाऊन प्रार्थना करू लागला. मग शिमोन शोधत आला, की सगळे तुम्हालाच शोधताहेत. आपल्या भाषेत सांगायचं तर शंभर मिस्ड कॉल! पण येशू त्या गर्दीकडे परत गेला नाही. आता जवळच्या दुसऱ्या गावांत जाऊ, असं म्हणाला.

इथे मला कळलं. देवाला पहिलं स्थान देणं म्हणजे सकाळची हजेरी लावणं नव्हे. दिवसात पुढे काय करायचं हे कोण ठरवणार, गर्दी की पिता, हा खरा प्रश्न आहे.

मत्तय ६:३३ मध्ये येशू आधी देवाचं राज्य मिळवायला सांगतो. कोणाला? अन्नवस्त्राची चिंता करणाऱ्यांना! म्हणजे चिंता संपायची वाट बघू नका. एक रिलीज संपला की दुसरा येतोच.

सकाळी आईला खरं सांगितलं. ती रागावली नाही. "मग आत्ता करू या," म्हणाली. फोनवरच दोघांनी प्रार्थना केली.

आता मोबाईल रात्री बाहेरच्या खोलीत चार्जिंगला असतो. सकाळी दहा मिनिटं शुभवर्तमानातला एक उतारा वाचतो आणि दिवसाची कामं देवापुढे ठेवतो. रोज जमतं असं नाही. पण त्याच आठवड्यात टेस्टिंग पूर्ण झालं असं लिहायला सांगितलं, तेव्हा मी दोन केसेस बाकी आहेत असंच लिहिलं. बोलणी खाल्ली. सकाळच्या दहा मिनिटांची परीक्षा दुपारी झाली, म्हणा ना.

तर मित्रांनो, उद्या उठल्यावर नोटिफिकेशन बघण्याआधी एकच विचारा, "प्रभू, आज तुला काय हवंय?" आणि उत्तर ऐकायला थोडं थांबा.

देव तुम्हाला आशीर्वाद देवो. आमेन.